एका बाळासाठी बाटली फोडत नाहीत

“थांबा म्हणजे किती?”

बर्फमावशीचा हा कायमचा सवाल. बँकेतला माणूस असो, मोठं गिऱ्हाईक असो, नाहीतर रस्ता अडवून उभा असलेला पोलीस असो, कुणी तिला ‘जरा थांबा’ म्हणालं की ती दोन्ही हात कमरेवर ठेवायची आणि विचारायची, “थांबा म्हणजे किती?” बाकीच्यांचा माल दुकानात पडून राहतो. हिचा माल कडेकडेनं झिजत, गटारीच्या वाटेनं, तिच्या डोळ्यांदेखत रोज निघून जायचा. असा धंदा जिच्या वाट्याला आला तिच्या अंगात सबुरी कुठून येणार?

तिची शेड बाजाराच्या मागच्या अंगाला होती. वर पत्रा, खाली ओली फरशी, दाराला गोणपाटाचा पडदा. उजाडायच्या सुमाराला कारखान्याची गाडी यायची आणि फळीवरून बर्फाच्या लाद्या घसरत खाली यायच्या. एकेक लादी माणसाएवढी लांब. मावशी लादीच्या कडेला आकडा अडकवून तिला ओढत न्यायची, भुशात निजवायची, वरून गोणपाट पांघरायची. हे सगळं इतक्या मायेनं की नवख्या माणसाला वाटावं, घरच्या आजारी माणसाला अंथरुणावर ठेवते आहे. टोचा हातात घेतला की मात्र माया संपली. चार बोटं अंतर ठेवून दोन हलके घाव, तिसरा जोराचा, आणि लादी आखल्यासारखी दुभंगायची. मासळीवाले यायचे, दूधवाले यायचे, सरबतवाले यायचे. आइस्क्रीमवाले बर्फाबरोबर जाडं मीठही मागायचे, म्हणून शेडच्या कोपऱ्यात मिठाचं पोतं असायचं. “मीठ घातलं की बर्फाला दात फुटतात,” मावशी म्हणायची, “मग तो नुसता गार करत नाही, चावतो.”

रागाला तर ती आधीपासूनच प्रसिद्ध. एक दूधवाला तिला चिडवायचा, “मावशी, तुमचा राग एवढा गरम, मग शेडमधला बर्फ टिकतो कसा?”

“तुझ्यासारखी थंड माणसं सकाळीच येऊन उभी राहतात ना, म्हणून टिकतो.”

नवरा तरुणपणीच गेला. बर्फाच्या गाडीवरून पाय घसरला आणि डोकं फुटलं. तेव्हा पदरात दोन पोरं होती. थोरला चालायला लागलेला, धाकटी अंगावर पिणारी. नातेवाईक म्हणाले शेड विकून टाक. ती म्हणाली, मग तुम्ही तिघांना पोसा. नातेवाईक चहा पिऊन गेले ते पुन्हा त्या विषयाला आले नाहीत. तिनं नवऱ्याचा आकडा उचलला. पहिल्या हिवाळ्यात तिची बोटं फुटली, दुसऱ्या हिवाळ्यात नखं निळसर झाली, आणि तिसऱ्या हिवाळ्यापासून तिला थंडी वाजायचीच बंद झाली, असं ती सांगायची. थंडीतलं आपल्याला सगळं कळतं, हा तिचा अभिमान होता. तो खोटाही नव्हता. पण पुढं जे घडलं त्यात या अभिमानानंच तिला खाली पाडलं, ते ओघानं येईल.

आधी थोरल्याचं सांगायला हवं, कारण तिचा खरा राग तिथून सुरू होतो.

थोरला शटरं बनवायच्या कारखान्यात कामाला होता. आईचा आवाज आणि बापाचे खांदे. वेल्डिंगच्या ठिणग्यांनी त्याच्या सगळ्या सदऱ्यांना भोकं पडलेली. त्या कारखान्यात वर्षातून एकदा रक्त गोळा करणारी माणसं यायची. थोरला दर वेळी पहिला जाऊन झोपायचा. एका वर्षी मात्र तो हसत घरी आला.

“आई, माझं रक्त नापास झालं. शाळेतली सवय अजून सुटली नाही बघ.”

“नापास म्हणजे?”

“मागच्या वेळचं चाललं नाही म्हणे. यापुढं देऊ नका म्हणाले.”

“का, ते विचारलंस का?”

“विचारलं ना. म्हणाले, विशेष काही नाही, फक्त देऊ नका.”

दुसऱ्या दिवशी मावशी शेड बंद करून कारखान्यात गेली. रक्तवाले केव्हाच दुसऱ्या गावाला निघून गेले होते. मुकादमानं हात वर केले. तिनंही मग विषय सोडला, कारण पोरगा बैलासारखा धडधाकट होता आणि शेडमध्ये लाद्या वितळत होत्या. विशेष काही नाही! ज्या माणसाच्या रक्तात त्याचं मरण बसलेलं रक्तवाल्यांनी पाहिलं होतं, त्याला त्यांनी एवढंच सांगितलं. स्वतःच्या बाटल्या त्यांनी वाचवल्या. माणूस दाराबाहेर काढून दिला.

पुढची बरीच वर्षं चांगली गेली. मग थोरल्याचे खांदे उतरायला लागले. जेवण नकोसं झालं, पोट फुगलं, डोळे हळदीसारखे पिवळे झाले. ज्या डॉक्टरकडे न्यावं तो आधी विचारायचा, “रोज किती पितो?” थोरल्यानं उभ्या आयुष्यात दारूला तोंड लावलं नव्हतं. तो सांगून सांगून थकला, आणि शेवटी शेवटी नुसता मान हलवायचा. गल्लीत तर सगळ्यांनी निकाल देऊन टाकला होता. कोपऱ्यावरचा किराणावाला एका गिऱ्हाइकाला म्हणाला, “दारूनं नेलं बिचाऱ्याला, आईला लपवावंच लागणार ना.” मावशी मागंच उभी होती. शेडमध्ये गेली, वितळलेल्या बर्फाच्या पाण्याची बादली भरून आणली आणि किराणावाल्याच्या डोक्यावर, गल्ल्यावर, साखरेच्या पोत्यावर, सगळीकडे सारखी ओतली. “आता तू पण ओला झालास,” ती म्हणाली. “उद्या मी पण सगळ्यांना सांगीन की पिऊन पडला होतास.”

मोठ्या दवाखान्यातल्या एका तरुण डॉक्टरनं पहिल्यांदा खरं नाव घेतलं. रक्तात वर्षानुवर्षं मुकाट बसून राहणारी कावीळ, हेपॅटायटिस बी. तिनं आतल्या आत यकृत पोखरलं आणि तिथं कॅन्सर झाला. “आधी कधी तपासणीत निघालं नव्हतं का?” त्यानं विचारलं. “निघालं असतं तर नजर ठेवता आली असती. गोळ्या आहेत यावर.”

थोरल्यानं आईकडे पाहिलं. दोघांनाही ते रक्तवाले आठवले.

तो गेला तेव्हा उन्हाळा होता आणि दूरचे नातेवाईक दुसऱ्या दिवशी पोचणार होते. तोवर त्याला ठेवायला बर्फ लागला. शेजारी म्हणाले, आम्ही फोडतो, तुम्ही बसा. तिनं कुणाला हात लावू दिला नाही. स्वतः लादी ओढून आणली, स्वतः फोडली, आणि त्याच्या दोन्ही बाजूंना लावली. त्या दिवशी तिचा टोचा तीनदा चुकला. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

त्यानंतर धाकटीला दिवस गेले. जावई सायकली दुरुस्त करणारा, अबोल, सासूच्या सावलीलाही बिचकणारा. धाकटीला तपासायला ती आरोग्य केंद्रात घेऊन गेली. तिथं दर बुधवारी बाहेरून एक डॉक्टरबाई यायच्या. त्यांनी रक्त तपासायला पाठवलं, पुढच्या बुधवारी दोघींना आत बोलावलं आणि दार लोटून घेतलं.

“हिच्या रक्तात हेपॅटायटिस बी आहे.”

मावशी खुर्चीवरून उठली. “हे नाव मी ऐकलंय. माझा पोरगा नेलाय यानं.”

बाईंनी मग मावशीचंही रक्त घेतलं. त्यातही निघालं. ते सांगताना बाईंनी काही लपवलं नाही, आणि म्हणूनच मावशी त्यांना पुढं आयुष्यभर मान देत राहिली. बाई म्हणाल्या, “हा आजार बाळंतपणाच्या वेळी आईच्या रक्तातून बाळाला जातो. मोठ्या वयात लागला तर बहुतेक वेळा शरीर तो धुऊन टाकतं. जन्मताना लागला तर मात्र तो तिथंच घर करतो. तुमच्या दोन्ही मुलांना तो तुमच्याकडून गेला असणार. आणि तुम्हाला कदाचित तुमच्या आईकडून.”

“म्हणजे थोरल्याला मी...”

“तुम्हाला ठाऊक असतं तर तुम्ही होऊ दिलं असतं का?”

मावशीनं स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग म्हणाली, “मला कुणी सांगितलं का नाही? दोन बाळंतपणं झाली. दोन्ही वेळी सुईण होती, शेजारणी होत्या, नंतर नर्स येऊन वजन करून गेली. पोरांच्या पोटात जंत आहेत का ते विचारलं. हे कुणी बघितलं नाही.”

“तेव्हा बघत नव्हते,” बाई म्हणाल्या. “आता बघतो. आता उपायही आहे. बाळ जन्मल्यावर जितक्या लवकर होईल तितक्या लवकर, उशिरात उशिरा चोवीस तासांच्या आत, त्याला लस टोचायची. मोठ्या दवाखान्यात बाळंतपण केलंत तर आणखी एक इंजेक्शन मिळेल, त्यानं संरक्षण वाढतं. पण ही पहिली लस काही झालं तरी चुकवायची नाही. अंगावरचं दूध खुशाल पाजा, त्यानं काही होत नाही.”

बाईंनी लशीचं नाव एका चिठ्ठीवर लिहून दिलं. त्या दिवसापासून मावशीच्या डोक्यात दुसरा विषय राहिला नाही. मोठ्या दवाखान्यात नाव घातलं, गाडीवाल्याला सांगून ठेवलं. पण बाळाला आपल्या आजीसारखीच घाई. तारखेच्या बरंच आधी, भल्या पहाटे धाकटीला कळा सुरू झाल्या, आणि मोठा दवाखाना दूरच राहिला. फटफटताना आरोग्य केंद्राच्या लोखंडी खाटेवर मुलगा झाला. लहानसा, सुरकुतलेला, पण आवाज खणखणीत. गुरुवार होता.

केंद्रात तेव्हा मोठ्या सिस्टर म्हणून एक बाई होत्या. कामाला वाघ, बोलायला तुटक. बाळंतपण त्यांनी चोख केलं. टाके घातले, बाळ पुसलं, तोललं, गुंडाळून दिलं. मावशीनं बाळाकडे धड बघितलंसुद्धा नाही. ती म्हणाली, “सिस्टर, आता ती लस.”

“बुधवारी.”

“काय?”

“लशीचा दिवस बुधवार. तोवर थांबा. बाळ घेऊन या, देते.”

“थांबा म्हणजे किती? डॉक्टरबाई म्हणाल्या आजच्या आज!”

“मावशी, माझ्याकडं जी बाटली आहे ती दहा बाळांची आहे. एका बाळासाठी बाटली फोडत नाहीत. नऊ डोस वाया जातात. मागं एकदा फोडली होती तर वरून जाब विचारला, सगळ्यांसमोर उभं करून. पुन्हा तो तमाशा मला नकोय.”

“दहा बाळं एका दिवशी जन्माला घालायची का आम्ही? ठरवून?”

कोपऱ्यात फरशी पुसणारी आया फिस्सकन हसली. सिस्टर हसल्या नाहीत. “मला बोलून उपयोग नाही. नियम मी केलेला नाही.”

मावशीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं डॉक्टरबाईंना फोन लावला, तो लागला नाही. पुन्हा लावला, पुन्हा नाही. बाळाला उचलून मोठ्या दवाखान्यात न्यावं, तर सिस्टरांनीच अडवलं, आणि ते मात्र बरोबर होतं: दिवस भरायच्या आधीचं बाळ, वाटेत रणरणतं ऊन लागणार, केंद्राची गाडी दुरुस्तीला गेलेली. आणि आत धाकटी पडलेली. आयेनं तिची खाट एका बाजूला सरकवून तिच्यासाठी वेगळी बादली ठेवली होती आणि वर सांगितलं होतं, “दूध नको हं पाजू.” धाकटी भिंतीकडे तोंड करून रडत होती. मावशीनं ती बादली पायानं लोटून दिली, बाळ धाकटीच्या छातीशी दिलं आणि म्हणाली, “पाज. बाई सांगून गेल्यात, पाज. रडायचं नंतर. आधी त्याचं पोट.”

मग ती जावयाकडे वळली. “तुम्ही इथून हलायचं नाही. कुणी खाट सरकवली तर परत जागेवर आणायची.”

“बरं,” जावई म्हणाला. त्या दिवशी तो बोललेला हा पहिला शब्द.

बर्फाची गाडी लाद्या उतरवून रिकामी परत निघाली होती. मावशीनं शेडमधला थर्माकोलचा डबा घेतला, त्यात बर्फ फोडून भरला, आणि गाडीवाल्याच्या शेजारी जाऊन बसली. “मोठ्या गावात औषधाच्या दुकानासमोर सोड. आणि दुपारच्या खेपेला परत घे.” गाडीवाला काही बोलायच्या आत ती म्हणाली, “एक्सलेटर उजव्या पायाखाली असतो. दाब.”

औषधाच्या दुकानात गर्दी होती. पोरगेलासा दुकानदार, कानामागं पेन. चिठ्ठी वाचून त्यानं फ्रिजमधून एक बाटली काढली. एकाच बाळापुरती, बोटाच्या पेराएवढी.

“कशात नेणार?”

मावशीनं डबा काउंटरवर आपटला. बर्फ बघून तो हसला. “गरम होऊ देऊ नका हं मावशी. गरम झाली तर कामातून गेली. पण—”

“पणबिण काही नाही. थंडी मला शिकवतोस? तू दुपट्यात होतास तेव्हापासून बर्फ फोडतेय मी.”

दुकानातली सगळी माणसं हसली. तोही हसला आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळला.

गाडीला वेळ होता. ऊन डोक्यावर आलेलं. मावशीनं डब्यात हात घातला तर बर्फ कडेनं सुटायला लागला होता. परतीचा रस्ता लांबचा. गरम झाली तर कामातून गेली, एवढं तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. तिथल्या बर्फाच्या कारखान्याच्या फाटकाशी तिच्या ओळखीचे हमाल होते. त्यांच्याकडून तिनं ताजा बर्फ आणि जाडं मीठ घेतलं, बर्फ बारीक ठेचला, ओंजळीओंजळीनं मीठ कालवलं, आणि त्याच्या मधोमध ती इवलीशी बाटली पुरली. वर पुन्हा बर्फ, वर गोणपाट, वर झाकण. तीस वर्षांची सगळी विद्या तिनं त्या डब्यात ओतली. गाडीत बसल्यावर डबा मांडीवर घेतला आणि सगळा रस्ता त्याला दोन्ही हातांनी कवटाळून राहिली. गाडीवाला नंतर सांगायचा, “मावशीला गप्प बसलेली मी तेवढीच एकदा बघितली.”

ती केंद्रात पोचली तेव्हा ऊन पिवळं झालं होतं. सिस्टर घरी निघायच्या तयारीत होत्या. मावशीनं टेबलावर डबा ठेवला आणि छाती काढून म्हणाली, “घ्या. तुमची बाटली तुम्हाला लखलाभ. ही माझ्या नातवाची. आता टोचा.”

सिस्टरांनी बर्फात हात घातला आणि झटकन मागं घेतला. बर्फ बोटांना डसला होता. बाटली काढून त्यांनी उजेडापुढं धरली. उलटी केली. सुलटी केली. आत काही हललं नाही.

“मावशी, मीठ घातलं होतंत?”

“घातलं की. नुसता बर्फ टिकला नसता.”

“ही गोठली.”

“मग? सुटेल आता. गोठलेलं सुटतंच.”

“ही लस गोठली की मरते.” सिस्टरांचा आवाज पहिल्यांदाच मऊ झाला होता. “सुटली तरी नुसतं पाणी. ही टोचून काही उपयोग नाही. दुकानदारानं सांगितलं नाही का, बर्फाला थेट लावू नका म्हणून?”

मावशी उभी होती ती खाली बाकावर बसली. जावई दारात येऊन उभा राहिला होता. आतून बाळाचं रडणं येत होतं.

“तो ‘पण’ म्हणाला होता,” मावशी म्हणाली. “मीच त्याला पुढं बोलू दिलं नाही.”

जावयानं सासूला कधी अशा आवाजात बोलताना ऐकलं नव्हतं. तो पुढं आला. त्यानं तिचा ओला हात धरला आणि आपल्या सदऱ्याला पुसला.

मग तिनं वर पाहिलं, आणि आता तिच्या डोळ्यांत सकाळचा भडका नव्हता. हा राग दुसरा होता. “सिस्टर, ऐका. दुसरी आणायला आज गाडी नाही. उद्या उजाडेल तेव्हा बाईंनी सांगितलेली वेळ संपली. तुमच्या फ्रिजात बाटली आहे. भिंतीपलीकडं बाळ आहे. मध्ये काय आहे? तुम्हाला कुणीतरी ओरडेल, एवढंच ना? मग माझं नाव सांगा. सांगा, बर्फवाली आली, धिंगाणा घातला, फ्रिज उघडून बाटली फोडली. लोक विश्वास ठेवतील. किराणावाल्याला विचारा म्हणावं.”

“मी खोटं सांगायची नाही,” सिस्टर म्हणाल्या.

“मग खरं सांगा! पण काहीतरी करा! माझा थोरला गेला तो ‘विशेष काही नाही’ ऐकून गेला. त्याला जन्मताना हे द्यायला कुणी नव्हतं. इथं तुम्ही आहात, बाटली आहे, तुमचे हात शाबूत आहेत, आणि तरी हे पोर बुधवारपर्यंत तसंच ठेवायचं? त्यापेक्षा औषधच नसतं तर बरं झालं असतं. निदान कुणावर रागावता आलं नसतं.”

सिस्टरांचा चेहरा लाल झाला. “तुम्हाला वाटतं मला काही वाटत नाही? जाब विचारणारे कधी इथं येऊन बघत नाहीत. मी एकटी, आणि तुम्ही सगळे माझ्यावरच...” पिशवी खांद्यावरून काढून खुर्चीवर टाकली. ताडताड चालत फ्रिजपाशी गेल्या, बाटली काढली, झाकण उडवलं. “माझ्या हातानं फोडतेय आणि माझ्या नावानं लिहितेय. एक बाळ, आईला आजार आहे, म्हणून. वरचे आले की तुमच्याकडं पाठवते. बसवा एकेकाला बर्फावर.”

“मिठासकट बसवते,” मावशी म्हणाली.

बाळाच्या मांडीत सुई गेली तेव्हा ते असं किंचाळलं की धाकटीनं कानांवर हात ठेवले. मावशीनं नातवाला तेव्हा पहिल्यांदा नीट पाहिलं. आवाज थोरल्याचा आहे ते तिला लगेच कळलं. ती खोलीबाहेर निघून गेली आणि नळाखाली बराच वेळ तोंड धूत राहिली.

ही गोष्ट इथं संपली असती तर राग निवला असता. पण बुधवार आला. डॉक्टरबाई आल्या. त्यांनी बाळ पाहिलं, शाबासकी दिली. पुढच्या लसी वेळच्या वेळी द्या म्हणाल्या, आणि वर्षाच्या आसपास बाळाचं रक्त तपासू, तोवर नक्की सांगता येणार नाही, पण आशा चांगली आहे म्हणाल्या. मग त्यांनी सिस्टरांना विचारलं, “राहिलेले नऊ डोस कुठं आहेत?”

“टाकून दिले, बाई. बाटली उघडली होती ना.”

“का टाकले? ही बाटली उघडल्यावरही चार आठवडे चालते. फ्रिजमध्ये ठेवायची, स्वच्छ सुई वापरायची, वर उघडल्याची तारीख घालायची. काही वाया जात नाही.”

सिस्टर भिंतीला टेकल्या. “मला नुसतं वाया घालवू नका म्हणून सांगितलं होतं. हे कुणी सांगितलं नाही.”

व्हरांड्यात लशीच्या रांगेत बायका बसल्या होत्या. कुणाच्या मांडीवर दोन महिन्यांचं, कुणाच्या तीन. मावशी दारात उभी होती. सगळ्यांना वाटलं, आता छप्पर उडणार. पण तिनं आवाज चढवला नाही.

“म्हणजे त्या दिवशी वाया जाण्यासारखं काहीच नव्हतं?”

“नाही,” बाई म्हणाल्या.

“आणि त्याच्या आधीच्या दिवसांत? जी बाळं इथं जन्मली आणि बुधवारी या म्हणून घरी गेली?”

सिस्टर म्हणाल्या, “काही आली. उशिरानं. काही आलीच नाहीत.”

“ज्यांच्या आईच्या रक्तात नसेल त्यांचं बहुतेक काही बिघडलेलं नसेल,” बाई म्हणाल्या. “पण कुणाच्या रक्तात आहे ते सगळ्यांचं बघितलेलंच नाही.”

“बघितलेलं नाही,” मावशीनं ते शब्द सावकाश पुन्हा उच्चारले, तोंडात कडू गोळी ठेवावी तसे. ती सिस्टरांकडे वळली. “घरं ठाऊक आहेत तुम्हाला त्यांची?”

“आहेत. नळाच्या बोळातल्या दोघी, वखारीमागची एक, नदीच्या अंगाला...”

“बास. एवढ्या पुरेत आजच्याला.”

धाकटी बाळाला घेऊन बाकावर बसली होती. ती घाबरून म्हणाली, “आई, काय सांगणार आहेस तू त्यांना? हाकलून देतील तुला.”

“माझं सांगणार. माझ्या रक्तात आहे म्हणून सांगणार. थोरल्याचं सांगणार. रक्त बघून घ्या, पोरांना घेऊन केंद्रात चला म्हणून सांगणार. हाकललं तर दारात बसून सांगणार. आणि सगळं सांगणार, अर्धं नाही.”

ती पायऱ्या उतरली. भर दुपार होती. नळाच्या बोळाच्या तोंडाशी एक बाई धुणं वाळत घालत होती. तिला मावशीनं काहीतरी विचारलं, तिनं हातानं आत दाखवलं, आणि मावशी ओल्या कपड्यांखालून वाकून पलीकडे गेली. जावई सायकल टेकवून बघत होता. धाकटी बघत होती. आणि आत खिडकीशी सिस्टर उभ्या होत्या, हातात भरलेली सुई तशीच, आणि रांगेतल्या पहिल्या बाईनं दोनदा हाक मारली तरी त्यांची नजर त्या बोळावरून हलत नव्हती.